पाचव्याची साखर

घाई करू नका.
आमच्या घरी कुठलीच गोष्ट लवकर सुरू होत नसे.
आधी स्टोव्हला पिन, मग दोन काड्या वाया,
मग आधण, मग मिलमधल्या कुणाचं तरी प्रमोशन,
आणि चहा गाळून झाल्यावर आई म्हणायची,
"तर काय सांगत होते मी?"
आणि सांगायची नाही.

तर, कंट्रोलचं दुकान मालवा मिलच्या चौकात होतं.
दुकानदार पोरवाल. एका डोळ्यानं तागडी बघायचा,
दुसऱ्यानं आमच्या चपलांची रांग.
साखर माणशी मोजून मिळे.
पिशवी मी धरायची. कार्ड आईच्याच हातात,
मला कधी धरायला दिलं नाही.
घरात माणसं चार.
साखर पाचांची.
मला वाटायचं, पोरवालला मोजता येत नाही,
आणि ते त्याला कळू नये म्हणून
मी रस्ताभर गप्प राहायचे.

घरी आल्यावर आई डालड्याचा पिवळा डबा भरायची,
झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी,
आणि सरवट्याला, देवासच्या बसच्या कंडक्टरला:
"सांभाळून हं भैया, ओल लागू देऊ नका."
देवासला शालूमावशी.
तिथे काय साखर मिळत नाही? मी एकदा विचारलं.
बाबांनी पेपरचं वाचलेलं पान पुन्हा उघडलं.
आईनं त्या दिवशी माझ्या वेण्या फार घट्ट घातल्या.

डबा आठवड्यानं परत यायचा.
रिकामं भांडं पाठवू नये, एवढं मावशीला कळत होतं.
कधी चार सीताफळं, कधी शेव.
दिवाळीनंतरच्या डब्यात मात्र तळाशी, कागदात काहीतरी,
जे आई पदराआड उघडायची
आणि मग बराच वेळ न्हाणीघरात
नळ सोडून बसायची.
नळाला पाणी एक दिवसाआड. तरी.

ज्या वर्षी मिलचा संप लांबला
त्या वर्षीचा एकही फोटो नाही आमच्याकडे.

आई माघात गेली.
तेराव्याची माणसं पांगली. श्रीरंग अंगणात
आचाऱ्याशी भांडत होता, पातेल्यांच्या आकड्यावरून.
मी लोखंडी पेटी उघडली.
कार्ड. कोपरे झिजून गोल झालेलं.
दिगंबर वामन आठल्ये, कुटुंबप्रमुख.
शरयू, पत्नी.
चंद्रहास, मुलगा, वय ३.
उल्का, मुलगी, वय १.
श्रीरंग मागाहून, वेगळ्या शाईत.

मेलेल्याचं नाव पोरवाल लाल शाईनं कापायचा.
आजोबांचं कापलंय, वरच, तारखेसकट.
चंद्रहासवर कुठेही काट नाही.

कार्डाखाली रुमालात दोरे.
शिवणाचे, पांढरे, आता पिवळट,
प्रत्येकाच्या टोकाला गाठ,
प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लांब.
चौदा भरले.
सगळ्यात आखूड माझ्या कमरेपर्यंतही येईना.
शेवटचा डोक्यावरून वर.

कपबशी घेऊन हेमंत आला.
मावसभाऊ, देवासचा,
दारातून येताना बाबांसारखी मान घालणारा.
चाळीस वर्षं हे आम्ही बघत होतो
आणि बघत नव्हतो.
"साखर हवी का अजून?" मी म्हटलं.
दुसरं काही सुचलंच नाही.
"घाल की," तो म्हणाला,
आणि मग त्याला माझ्या हातातला दोरा दिसला.

त्यानं काही विचारलं नाही.
कपबशी पेटीवर ठेवली.
वाकून मोजे काढले, एकात एक घातले.
दोऱ्याचं टोक घेतलं, टाचेखाली दाबलं
आणि भिंतीला पाठ लावून, हनुवटी जरा वर,
डोळे मिटून
उभा राहिला,
शहाण्या मुलासारखा,
माप घेऊन होईपर्यंत.